डिंडोलीच्या पोरांचा नंबर कोणत्या राज्यात?

सुरतेच्या डिंडोली, उधना, लिंबायत भागात फिरले की कानावर पडते ती खानदेशची बोली. जळगाव, धुळे, नंदुरबारहून यंत्रमागावर पोट भरायला गेलेली ही आपलीच माणसे. त्यांची पोरे आता डॉक्टर होऊ पाहतात.

मेडिकलला नंबर लागेल का, हे आज कोणत्याच घरात छातीठोकपणे सांगता येत नाही. २०२४ च्या ‘नीट’मध्ये ६०० गुण मिळवणारा देशाच्या यादीत ७० हजारांच्याही मागे गेला. २०२५ साली पेपर अवघड निघाला आणि तेवढेच गुण पहिल्या दोन हजारांत बसले. अभ्यास तोच, पुस्तके तीच! २०२४ चा निकाल तर फिरवावा लागला. आधी ७२० पैकी ७२० मिळवणारे ६७ होते, शेवटच्या यादीत १७ उरले.

हा जुगार सर्वांच्याच वाट्याला आहे. डिंडोलीच्या पोराला त्यावर सीमेचा फेरा. मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्याच केंद्रांवर मिळते. सुरतेत इंग्रजी, हिंदी किंवा गुजराती. म्हणजे मराठीतून पेपर हवा तर नवापूर ओलांडा. त्या स्थानकाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. परीक्षेला मात्र अशी सवड नाही. अर्थात मराठीचा आग्रह आपण तरी कोठे धरतो? २०२२ साली गुजरातीतून ४९ हजारांवर मुलांनी नाव नोंदवले, मराठीतून अडीच हजारही नाहीत.

जागांचे कोडे याहून अवघड. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी महाराष्ट्र दहावी, बारावी आणि रहिवास आपल्याकडचा मागतो. कर्नाटक सीमेवरील ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी मोजक्या का होईना, जागा राखल्या आहेत. सुरतेच्या मराठी मुलाला तशी सोय नाही. त्याने गुजरातच्या यादीतच उभे राहायचे, आणि तेथे गावाकडचा जातीचा दाखला आरक्षणाला चालत नाही.

म्हणून पुष्कळ आईबाप पोराला आजीकडे, गावी ठेवण्याचा विचार करतात. पण तो बारावीच्या निकालानंतर. तोवर उशीर झालेला असतो. ठेवायचेच तर दहावीच्या आधी ठेवावे लागते, आणि त्या वयात पोराला डॉक्टर व्हायचे आहे की नाही, हे त्यालाच ठाऊक नसते.