ज्युनियरच्या चषकानंतरची पाच वर्षं

शिंदखेडा, दोंडाईचा, नरडाणा या पट्ट्यात टेनिसचा चेंडू गल्लीगल्लीत सापडतो, पण तो क्रिकेट खेळायला. रॅकेट धरणारं पोर विरळाच. तरी आता मोबाइलवर सामने दिसतात, पुण्या-नाशकातल्या नातेवाइकांची मुलं अकादमीत जातात, आणि इकडच्या आईवडिलांच्या मनातही येतं की आपल्या पोरीला टेनिसला घातलं तर? या विचारासोबत काही ठाम समजुती येतात. त्यातल्या बऱ्याच चुकीच्या आहेत, आणि त्यांची किंमत घरातल्या पैशात आणि मुलाच्या वयात मोजावी लागते. म्हणून त्या एकेक करून तपासायला हव्यात.

सगळ्यात पक्की समजूत अशी, की ज्युनियरमध्ये वरचा नंबर आला की पुढचं आपोआप होतं. मुळात टेनिसमध्ये एकच यादी नाही. अखिल भारतीय टेनिस संघटनेची, म्हणजे ‘आयटा’ची, बारा, चौदा, सोळा आणि अठरा वर्षांखालच्या मुलामुलींची क्रमवारी वेगळी. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची (आयटीएफ) ज्युनियर क्रमवारी वेगळी; तिच्या स्पर्धा जे-30 पासून जे-500 पर्यंत आणि त्यावर चार ग्रँड स्लॅमचे ज्युनियर सामने. आणि व्यावसायिक पुरुषांची एटीपी, महिलांची डब्ल्यूटीए ही तिसरी. एका यादीतले गुण दुसरीत जमा होत नाहीत. जगातल्या पहिल्या शंभर ज्युनियरना छोट्या व्यावसायिक स्पर्धांत काही राखीव जागा मिळतात, हा फायदा खरा आहे. पण जागा मिळाल्यावर सामना जिंकावाच लागतो, आणि समोर सोळा वर्षांचा मुलगा नसतो. पंचवीस वर्षांचा, पाय रोवलेला गडी असतो.

युकी भांब्रीचं उदाहरण प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावं असं आहे. 2009 मध्ये त्याने ऑस्ट्रेलियन ओपनचं ज्युनियर एकेरीचं विजेतेपद मिळवलं, जगातला अव्वल ज्युनियरही झाला. व्यावसायिक एकेरीत त्याचा सर्वोत्तम क्रमांक आला 83 वा, तोही 2018 मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी. मध्ये दुखापती होत्या. पुढे तो दुहेरीकडे वळला आणि 2025 मध्ये अमेरिकन ओपनच्या दुहेरीत उपांत्य फेरीपर्यंत गेला. उलट बाजूला नदाल आणि जोकोविच: दोघांनीही ज्युनियर ग्रँड स्लॅमचं एकेरीचं विजेतेपद कधी मिळवलेलं नाही. नदाल तर ज्युनियरची एकच ग्रँड स्लॅम स्पर्धा खेळला. चषक खोटा नसतो, पण त्यावरून पुढचं भाकीत करता येत नाही.

आयटीएफने 2013 च्या आकडेवारीवरून काढलेला हिशोब असा, की पहिला व्यावसायिक गुण मिळाल्यापासून पहिल्या शंभरांत पोहोचायला पुरुषांना सरासरी 4.8 वर्षं लागली, महिलांना 4.1. आणि ही सरासरी पोहोचलेल्यांची आहे. न पोहोचलेले तिच्यात मोजलेलेच नाहीत. पहिल्या वेचणीवर कापसाच्या वर्षाचा हिशोब कोणी मांडत नाही. टेनिसमध्ये मात्र चौदाव्या वर्षीच्या चषकावरून मांडला जातो.

दुसरा गैरसमज वयाचा. अठरा पूर्ण झाली की ज्युनियर संपलं आणि ‘प्रो’ सुरू झालं, असं लोक समजतात. प्रत्यक्षात दोन्ही बरीच वर्षं शेजारी-शेजारी चालतात. चौदा वर्षांपासून व्यावसायिक स्पर्धा खेळता येतात. मुलींना वर्षाला किती खेळायच्या यावर मात्र वयानुसार मर्यादा आहे, कारण लहान वयात अतिखेळाने कोळपलेल्या मुली महिला टेनिसने पाहिल्या आहेत. कोइम्बतूरची माया राजेश्वरन 2025 च्या फेब्रुवारीत, पंधराव्या वर्षी, मुंबई ओपनमध्ये पात्रता फेरीतून आली आणि थेट उपांत्य फेरीपर्यंत गेली. ती डब्ल्यूटीए 125 दर्जाची स्पर्धा होती. त्यानंतर त्याच वर्षी ती विम्बल्डनला ज्युनियर गटात खेळली. कोणाला हे मागे जाणं वाटेल. माझ्या मते तोच शहाणपणा आहे.

वाइल्ड कार्डबद्दलही असंच. पुण्याचा मानस धामणे पंधरा वर्षांचा असताना, जानेवारी 2023 मध्ये, बालेवाडीच्या टाटा ओपन महाराष्ट्र स्पर्धेच्या मुख्य फेरीत वाइल्ड कार्डवर उतरला. ती एटीपी 250 स्पर्धा 2018 ते 2023 पुण्यात होत असे. अमेरिकेच्या मायकेल म्मोहकडून तो 2-6, 4-6 असा हरला. वर्तमानपत्रांत फोटो आले आणि अनेकांना वाटलं, पोचला हा. पण वाइल्ड कार्ड म्हणजे आयोजकांनी दिलेली संधी. क्रमवारीने मिळवलेली जागा नव्हे. मानसचं खरं काम त्यानंतर सुरू झालं. इटलीत रिकार्डो पियाती यांच्या अकादमीत सराव आणि एम-15, एम-25 या तळच्या पातळीच्या स्पर्धा, जिथे प्रेक्षक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. पहिलं व्यावसायिक विजेतेपद आलं 2025 मध्ये, ट्युनिशियातल्या मोनास्तिरला. बालेवाडीच्या त्या फोटोपासून दोन वर्षांहून अधिक काळ मध्ये गेला. मला त्या सामन्यापेक्षा ही मधली वर्षं जास्त मोलाची वाटतात.

आता पैशाकडे येऊ, कारण सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. ‘15 हजार डॉलरची स्पर्धा जिंकली’ अशी बातमी येते आणि घरी बारा-तेरा लाखांचं गणित मांडलं जातं. ती रक्कम संपूर्ण स्पर्धेची असते, एकेरी-दुहेरी मिळून सगळ्यांची. अशा, म्हणजे एम-15 दर्जाच्या, स्पर्धेत एकेरीच्या विजेत्याला मिळतात 2,160 डॉलर. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला 156, म्हणजे साधारण तेरा हजार रुपये, आणि त्यातूनही बहुतेक ठिकाणी कर कापला जातो. मुख्य फेरीआधीच्या पात्रता फेरीत हरला तर काहीच नाही. गुणांचंही तसंच: अख्खी स्पर्धा जिंकली तर 15, पहिली फेरी जिंकून दुसरीत हरला तर एक. विमानभाडं, हॉटेल, रॅकेटच्या तारा, जेवण, सोबत प्रशिक्षक असेल तर त्याचाही खर्च यातूनच निघायचा असतो. तो निघत नाही. म्हणूनच जगभरची पोरं मोनास्तिर किंवा तुर्कस्तानातल्या अंतालियाला मुक्काम ठोकतात. तिथे एकाच जागी आठवड्यामागून आठवडा स्पर्धा होतात, त्यामुळे निदान प्रवास वाचतो.

आयटीएफच्याच पाहणीनुसार 2013 मध्ये व्यावसायिक स्पर्धा खेळलेल्या सुमारे 14 हजार जणांपैकी सहा हजारांहून अधिक खेळाडूंना बक्षिसाचा एक डॉलरही मिळाला नव्हता. प्रशिक्षकाचा खर्च न धरतासुद्धा जमाखर्च बरोबरीत यायला पुरुषांना साधारण 336 वा आणि महिलांना 253 वा क्रमांक लागत होता.

मग हे लोक टिकून कशासाठी राहतात? त्याचं उत्तर सुमित नागलच्या दोन हंगामांत आहे. 2023 मध्ये, भारताचा एकेरीतला अव्वल खेळाडू असताना, आपल्या खात्यात जेमतेम 900 युरो उरल्याचं त्याने जाहीरपणे सांगितलं. चार महिन्यांनी, जानेवारी 2024 मध्ये, तो ऑस्ट्रेलियन ओपनची पात्रता फेरी पार करून मुख्य फेरीत आला, 31 वं मानांकन असलेल्या बुब्लिकला हरवलं, आणि दुसऱ्या फेरीत हरूनही त्याला 1 लाख 80 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. त्याच स्पर्धेत 2025 साली पात्रतेच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्यालाही 35 हजार मिळत होते. पात्रता फेरीत जागा मिळते ती साधारण 230-250 व्या क्रमांकापर्यंत. म्हणजे 250 वा आणि 350 वा यांच्यात खेळाचा फरक थोडा असतो, कमाईचा प्रचंड. ज्या घरातलं मूल या वाटेवर आहे, त्या घराने हा 250 चा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. बक्षिसाने घर चालेल ही आशा त्याआधी धरूच नये.

शाळा-कॉलेज सोडल्याशिवाय टेनिस होत नाही, ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकली आणि तिथल्या संघातून खेळली. 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत तिने मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. पुण्याच्या वैष्णवी आडकरने 2025 मध्ये जर्मनीतल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत एकेरीचं कांस्य मिळवलं. त्या स्पर्धेच्या टेनिसमध्ये भारताला 1979 मधल्या नंदन बाळ यांच्या रौप्यानंतर मिळालेलं ते पहिलं पदक. पदवी आणि रॅकेट एकत्र चालू शकतात, आणि तेविसाव्या वर्षी गुडघा गेला तर पदवी हाताशी राहते.

राहिला आपल्या गावाचा प्रश्न. ‘हा पुण्या-मुंबईचा खेळ, शिंदखेड्याच्या पोरांचा नाही.’ यात अर्धं सत्य आहे. चौदा-पंधराव्या वर्षानंतर चांगला प्रशिक्षक आणि बरोबरीचे जोडीदार लागतात, ते आज धुळे जिल्ह्यात मिळणं अवघड आहे. पुणं गाठावंच लागेल. पण पन्हाळा तालुक्यातल्या यवलूजची ऐश्वर्या जाधव कोल्हापुरात सराव करून 2022 मध्ये विम्बल्डनच्या चौदा वर्षांखालच्या पहिल्याच स्पर्धेत खेळली, तेव्हा सुरुवात कुठे होते हा मुद्दा निकाली निघाला.

सुरुवातीला मोठं कोर्टही लागत नाही. आयटीएफच्या नियमानुसार दहा वर्षांखालच्या स्पर्धा मऊ, संथ चेंडूवरच होतात: आधी लाल, मग नारिंगी, मग हिरवा. लाल चेंडूचं कोर्ट सुमारे 11 मीटर लांब आणि साडेपाच मीटर रुंद. पूर्ण कोर्टाची लांबी 23.77 मीटर असते. लाल चेंडूच्या कोर्टावर जाळीची उंची 80 सेंटिमीटर, म्हणजे दोन खांबांना बांधलेली दोरीसुद्धा चालते. खो-खोच्या एका मैदानात असे दोन कोर्ट आरामात बसतात, आणि आखायला फक्की पुरते. दहा वर्षांखालच्या मुलीने त्यावर दोन-तीन वर्षं खेळून पाहावं. त्यानंतर तिची इच्छा टिकली, तर आयटाची नोंदणी करून बारा वर्षांखालच्या राज्यातल्या स्पर्धांना नाव द्यावं.