नेपोलियनची टोपी आणि शिपायाचं बटण

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, मुलांना वस्तू जमवायचा भारी नाद असतो. नाणी, तिकिटं, काड्यापेटीचे छाप, काहीही चालतं. असाच नाद मोठ्यांनाही असतो. जगात असे अनेक संग्राहक आहेत, जे नेपोलियन बोनापार्ट या फ्रेंच सेनानीच्या वस्तू जमवतात. टोप्या, तलवारी, कोट, पदकं, अगदी बटणंसुद्धा!

नेपोलियनचा जन्म १७६९ चा. १७९३ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी, तो जनरल झाला. १८०४ मध्ये सम्राट. १८२१ मध्ये सेंट हेलेना बेटावर कैदेत वारला. आपल्याकडे पेशवाई संपली १८१८ मध्ये. म्हणजे काळ साधारण एकच, हे मुलांना आवर्जून सांगा.

टोपी एवढी महाग का?

नोव्हेंबर २०२३ मध्ये फ्रान्समधल्या फाँतेनब्लो इथे त्याची एक काळी टोपी लिलावात १९ लाख युरोंहून जास्त किमतीला गेली. टोपी कसली, तर बीव्हर नावाच्या प्राण्याच्या केसांपासून केलेल्या नमद्याची. तेव्हाचे बहुतेक अधिकारी अशी टोपी टोकं पुढे-मागे करून घालत. नेपोलियन मात्र टोकं दोन्ही खांद्यांकडे येतील अशी आडवी घालायचा. त्यामुळे रणांगणावर तो लांबूनही ओळखू यायचा. त्याने पंधराएक वर्षांत सुमारे १२० टोप्या वापरल्या असं मानतात. त्यातल्या खात्रीच्या अशा वीसेकच आज उरल्या आहेत.

खरी की खोटी?

एवढा पैसा आला की नकलाही येतातच. मग खरं-खोटं ओळखायचं कसं? पहिली गोष्ट म्हणजे मालकीची साखळी. ही वस्तू नेपोलियनकडून कुणाकडे गेली, तिथून पुढे कुणाकडे, याचे कागद हवेत. मधली एक कडी तुटली तरी शंका येते. दुसरी गोष्ट वस्तू स्वतःच सांगते. शिवणयंत्रं प्रचारात आली ती नेपोलियनच्या मृत्यूनंतर. त्यामुळे कोटावर मूळची म्हणून मशीनची शिलाई दिसली, तर तो कोट त्याचा नाही हे उघड आहे.

कापडातला इतिहास

फ्रेंच पायदळाचा कोट निळा असायचा. त्यासाठी नीळ लागायची आणि ती समुद्रापलीकडून यायची. इंग्रज व्यापारी बंगालमधली नीळ युरोपात विकत. नेपोलियनचं इंग्लंडशी वैर, समुद्रावर इंग्रजी आरमार, मग नीळ येणार कुठून? १८०६ च्या सुमारास काही पलटणींना पांढरे कोट देऊन पाहिले, पण तो प्रयोग लवकरच गुंडाळला. बघा, एका कोटाच्या रंगातून इतिहास, भूगोल आणि व्यापार तिन्ही शिकवता येतात.

आणि ते बटण?

सेनापतीची टोपी जपली जाते. साध्या शिपायाचे कपडे मात्र झिजून, फाटून संपतात. १८१२ मध्ये नेपोलियनची फौज रशियातून माघारी फिरली, तेव्हा थंडीने, भुकेने आणि रोगराईने हजारो माणसं मेली. २००१ मध्ये लिथुआनियातल्या विल्नियस शहरात बांधकामासाठी खोदताना अशाच सैनिकांची एक मोठी सामूहिक कबर सापडली. नावं कुठेच नव्हती. पण फ्रेंच गणवेशाच्या बटणांवर पलटणीचा क्रमांक असायचा. त्या बटणांवरून निदान कोणकोणत्या पलटणींची माणसं तिथे होती, हे कळलं. बाजारात अशा बटणाची किंमत टोपीच्या जवळपासही जात नाही. पण ते कुठे आणि कुणाजवळ सापडलं याची नोंद झाली, म्हणून ते बोललं. तेच बटण कुणी गुपचूप उकरून विकलं असतं, तर नुसता धातूचा तुकडा उरला असता.

घरी आणि वर्गात काय करता येईल?

अनेक घरांत फौजी आजोबांचा गणवेश किंवा पदकं असतात. नसेल तर जुना कंदील, घड्याळ, काहीही चालेल. मुलांना त्या वस्तूसाठी एक कार्ड करायला सांगा: कुणाची? कधीची? कुठून आली? हे आपल्याला कुणी सांगितलं? शेवटचा प्रश्न सोडू नका, पुराव्याची सवय त्यातूनच लागते. पदकं घासून चकचकीत करू नका. लोकरी कोटाला कसर लागते, म्हणून तो अधूनमधून तपासा, पण उन्हात टांगून ठेवू नका, रंग उडतो. आणि आजोबा-आजी आहेत तोवर त्यांच्याच तोंडून माहिती लिहून घ्या.