घरचीच गाडी, पण शर्यतीत!

मैत्रिणींनो, हडपसरहून कॅम्पात जाताना रेसकोर्स लागतो ना, त्याचा आकार जरा डोळ्यांसमोर आणा. दोन लांब बाजू आणि दोन्ही टोकांना गोलाई. अमेरिकेत अशाच अंडाकृती रस्त्यावर मोटारी पळवतात. ‘स्टॉक कार रेस’ म्हणतात तिला. स्टॉक कार म्हणजे दुकानात विकायला असते ती, तुमच्याआमच्या दारात उभी राहते तशी गाडी! तुमच्याकडे हे किंवा चिरंजीव रात्री-अपरात्री टीव्हीपुढे बसून ही शर्यत बघत असतील, तर एकदा तुम्हीही शेजारी बसा. “तुला काय कळणार त्यातलं?” असं कुणी म्हणालंच, तर पुढची माहिती त्यांच्या कानावर घाला.

डेटोना इथला रस्ता चार किलोमीटरचा. तिथल्या मोठ्या शर्यतीत त्याच्या दोनशे फेऱ्या, म्हणजे आठशे किलोमीटर. आणि वळायचं ते सदा डावीकडेच. आपली प्रदक्षिणा उजवीकडून, ही पूर्ण उलटी! वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून तिथे रस्ताच आतल्या बाजूला उतरता केलेला असतो, तोही चांगला ३१ अंशांचा. जत्रेतला ‘मौत का कुआँ’ आठवा, म्हणजे लक्षात येईल. मध्येच गाडी थांबते, चमूतली माणसं तुटून पडतात आणि दहा-बारा सेकंदांत चारही चाकं बदलून पेट्रोलही भरतात. (आपल्याकडे एक पंक्चर काढायला किती वेळ लागतो, ते सांगायला नकोच.) आता मात्र या गाड्या घरच्या राहिलेल्या नाहीत, नुसता तोंडवळा घरचा. दारं उघडत नाहीत, चालक खिडकीतून आत शिरतो. पुढचे दिवे म्हणजे तर चक्क चिकटवलेलं चित्र!

पण मला सांगायचंय ते वेगळंच. हा पुरुषांचा खेळ असं आपण धरून चालतो. तर १९ जून १९४९ रोजी शार्लट गावी या मालिकेची पहिलीवहिली शर्यत झाली, तिच्यात सारा ख्रिश्चन नावाची बाई होती. गाडी नवऱ्याच्या मालकीची. अर्ध्या वाटेत एका पुरुष चालकाच्या गाडीचं इंजिन बिघडलं, तेव्हा साराची गाडी त्यानं पुढे चालवली. ओळखीचं वाटलं ना? आपण कात्रजपर्यंत गाडी न्यायची आणि घाट आला की, “सर बाजूला, मी घेतो.” पण सारा तिथे थांबली नाही. त्याच वर्षी पिट्सबर्गजवळच्या शर्यतीत ती पाचवी आली. एवढी वर्षं झाली, पण त्या वरच्या मालिकेत बाईचा तोच सगळ्यांत वरचा क्रमांक आहे.

तेव्हाचीच एथेल मोब्ली. तिचे तीन भाऊ शर्यतीत उतरायचे. १९४९ च्या जुलैत डेटोनाच्या वाळूवर तीही त्यांच्याबरोबर उतरली आणि तिघांपैकी दोघांना मागे टाकून अकरावी आली. पुढे १९७७ मध्ये जॅनेट गथ्री डेटोनाच्या मोठ्या शर्यतीत उतरली. २०१३ मध्ये डॅनिका पॅट्रिकनं तिथल्या वेगाच्या चाचणीत सगळ्या पुरुषांना मागे टाकलं आणि सुरुवातीची पहिली जागा मिळवली.

तुम्ही म्हणाल, त्या अमेरिकेतल्या! तर आपल्या पुण्याच्याच डायना पुंडोले घ्या. शिक्षिका, दोन मुलांची आई. २०१८ मध्ये स्त्रियांसाठीच्या एका प्रशिक्षण कार्यक्रमातून त्या या खेळात आल्या आणि ऑगस्ट २०२४ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर सलून गटाचं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. या गटात ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. सलून म्हणजे घरापुढे उभी असते तशाच बांध्याची गाडी. शर्यतही पुरुषांबरोबरच, बायकांची वेगळी रांग नाही. चेन्नईचा रस्ता अंडाकृती नाही हं, डावी-उजवी अशी बारा वळणं आहेत त्याला. अंडाकृती रस्ता इंदूरजवळ पिथमपूरला आहे, ११.३ किलोमीटरचा, २०२१ मध्ये सुरू झालेला. पण तो गाड्यांच्या चाचणीसाठी.

आता तुमचं लायसन्स कुठे आहे ते सांगा. कपाटात, साड्यांच्या घडीखाली? मग ते बाहेर काढा. शर्यत नको, पण गाडीत बसायचं कसं हे या मंडळींकडून जरूर घ्या. आपण सीट मागे सरकवून हात ताठ करून बसतो. त्या सीट पुढे घेतात, कोपर थोडं वाकलेलं ठेवतात, म्हणजे चाक दोन्ही हातांच्या ताब्यात राहतं. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला हवा. पदर पिन करून घ्या, निऱ्या पायाखाली येणार नाहीत अशा जरा वर खोचा, आणि उंच टाचांच्या चपला पिशवीत ठेवून सपाट घाला. पट्टा पदराच्या पिनवरून नको, सरळ खांद्यावरून आणि खाली मांड्यांच्या वर, कंबरेच्या हाडावर बसू द्या. पोटावर नको.

मागे बसणाऱ्यांनाही पट्टा लावायला सांगा, सासूबाई असल्या तरी! ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. पुढे बसलेले दोघं वाचले.

आणि पहिले चार रविवार सोलापूर रस्त्याच्या वाटेला जाऊच नका. तिथे ट्रक, पीएमपीच्या बस आणि रिक्षा तुम्हाला शिकू द्यायच्या नाहीत. सकाळी सहाला सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर फेऱ्या घाला. डावीकडे दहा, मग उजवीकडे दहा. “मी शेजारी बसतो” असं हे म्हणाले तर बसू द्या, पण मागच्या सीटवर. आणि हो, पट्टा लावून.