खारट हवेतील सायकल : पेण-रोहा परिसराच्या संदर्भात सुटे भाग, दुरुस्ती व सुधारणा

प्रस्तावना

इ.स. १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगाव येथे सायकलींचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगरापासून पंपापर्यंत विस्तारलेल्या एका मोठ्या उद्योगाचा आरंभ सायकलीच्या व्यवसायातून झाला, ही घटना महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात अर्थपूर्ण आहे. सायकल हे सामान्य माणसाच्या हाती येणारे आणि त्याला स्वतः उघडून पाहता येणारे यंत्र होय. तथापि आज सायकल वापरणाऱ्या विद्यार्थ्याला व कामगाराला तिच्या भागांविषयी पुरेशी माहिती नसते. परिणामी हाताशी असलेला मर्यादित पैसा दिखाऊ सुधारणांवर खर्च होतो आणि जिवाशी संबंध असलेले भाग दुर्लक्षित राहतात. पेण व रोहा परिसरातील हवामान आणि रस्ते लक्षात घेता सायकलीवरील खर्चाचा क्रम कसा असावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. हवामान आणि गंज

रायगड जिल्ह्यात वार्षिक पर्जन्यमान साधारणतः ३००० मि.मी.च्या आसपास असते. पेणच्या पश्चिमेस धरमतरची खाडी, खारजमिनी व मिठागरे आहेत. रोह्याकडे कुंडलिकेच्या खोऱ्यातील दमट हवा आहे. लोखंडाचे गंजणे ही विद्युत्-रासायनिक क्रिया असून पाण्यात मीठ विरघळले म्हणजे तिचा वेग वाढतो. रिमवरील चकाकी एकदा टवकली की गंज मुलाम्याच्या आतून पसरतो. आऱ्या निपलजवळ व हबच्या वळणाशी खंगतात आणि भार पडताच तुटतात. कोरड्या प्रदेशात अनेक वर्षे टिकणारा भाग येथे लवकर निकामी होण्याचे मुख्य कारण हेच आहे. म्हणून मोडलेल्या साध्या आऱ्यांच्या जागी स्टेनलेस पोलादाच्या आऱ्या घालणे ही येथील पहिली उपयुक्त सुधारणा मानावी.

२. सुट्या भागांची मापे

स्वातंत्र्योत्तर काळात भारतात सायकलनिर्मितीचा पाया विस्तारला. मद्रास येथे टी.आय. सायकल्स १९४९ मध्ये, तर लुधियाना येथे हिरो सायकल्स १९५६ मध्ये स्थापन झाली. साध्या भारतीय सायकलीने ब्रिटिश इंची मापे स्वीकारली. त्यामुळे जुन्या सायकलीचे बहुतेक भाग आजही बदलता येतात. मात्र नावातील इंच फसवे असतात. ‘२६ इंची’ म्हणून मिळणाऱ्या टायरांपैकी २६ × १ ३/८ मापाच्या टायरचा रिमवर बसणारा व्यास ५९० मि.मी., तर जाड टायरच्या डोंगरी सायकलीचा ५५९ मि.मी. असतो. हे दोन टायर परस्परांच्या रिमवर बसत नाहीत. जुन्या मोठ्या सायकलीच्या २८ × १ १/२ टायरचा हाच व्यास ६३५ मि.मी. आहे. पनवेल वा मुंबईहून टायर मागवण्यापूर्वी जुन्या टायरच्या कडेवर छापलेले संपूर्ण माप लिहून घ्यावे.

आट्यांची दिशाही ध्यानात ठेवावी लागते. डावे पायडल उलट्या आट्यांचे असते. ब्रिटिश पद्धतीच्या सायकलीत क्रँकच्या धुरीची उजवी वाटीही उलट्या आट्यांची असते. हे ठाऊक नसल्यास पाना चुकीच्या दिशेने फिरवून आटे खराब केले जातात. कॉटर पिन ठोकून काढताना क्रँकखाली भक्कम आधार द्यावा. अन्यथा हातोड्याचा आघात आतील छर्ऱ्यांवर व वाट्यांवर होतो.

३. देखभालीचे वेळापत्रक

मे महिन्याच्या अखेरीस आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये, अशी वर्षातून दोनदा सायकल उघडणे या परिसरात आवश्यक आहे. दोन्ही हब, क्रँकची धुरी व हँडलची वाटी यांतील छर्रे रॉकेलने वा डिझेलने धुऊन नवे ग्रीस भरावे. खड्डे पडलेले छर्रे एकेक न बदलता संपूर्ण संच बदलावा, कारण आकारातील किंचित फरकानेही सर्व भार मोजक्या छर्ऱ्यांवर येतो.

साखळीची झीज साध्या फूटपट्टीने मोजता येते. नव्या साखळीत पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत २४ कड्यांची लांबी बरोबर १२ इंच भरते. ती १/१६ इंचाने वाढल्यास साखळी बदलण्याची तयारी करावी. १/८ इंचाने वाढली असल्यास फ्रीव्हीलचे दातही झिजले आहेत असे समजावे. अशा वेळी केवळ नवी साखळी घातल्यास ती दातांवरून घसरण्याचा संभव असतो. गाडीचे जळके ऑइल साखळीस लावण्याची प्रथा स्वस्त असली तरी घातक आहे, कारण त्यातील धातूचे कण झीज वाढवतात.

४. ब्रेक : सर्वांत निकडीची सुधारणा

जुन्या सायकलीतील रॉड ब्रेकचे रबर रिमच्या आतील, म्हणजे हबच्या दिशेच्या पृष्ठभागावर दाबले जाते. पोलादी रिम ओली झाली म्हणजे घर्षण अतिशय कमी होते व थांबण्याचे अंतर कित्येक पटींनी वाढते. मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांच्या शेजारून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. ॲल्युमिनियमच्या रिमवर ओलेपणीही पकड तुलनेने चांगली राहते. परंतु कॅलिपर ब्रेक रिमच्या बाजूवर दाबतो. म्हणून जुन्या सायकलीवर तो बसवताना बाजू सपाट असलेली रिमही घ्यावी लागते. केवळ ब्रेक बदलून भागत नाही.

हा खर्च शक्य नसल्यास तीन उपाय करावेत. पावसाळ्यापूर्वी कडक झालेली रबरे बदलावीत. रॉडचे सांधे सैल राहू देऊ नयेत. ओल्या रस्त्यावर थांबण्याच्या बऱ्याच आधी ब्रेक हलकासा दाबून रिमवरील पाणी पुसून घ्यावे.

५. गिअर कितपत आवश्यक?

पेण ते वडखळ हा खारपट्टीतील रस्ता सपाट आहे. रोहा-धाटाव हे अंतरही थोडे आहे. अशा मार्गांवर गिअरची गरज अल्प असून गिअर बदलणारी नाजूक यंत्रणा चिखल व गंज यांमुळे लवकर बिघडते. सुकेळी खिंड वा कार्लेखिंड नित्य ओलांडणाऱ्याचा अपवाद करावा लागेल. इतरांनी मागील फ्रीव्हील बदलून पाहावे. पुढे ४४ व मागे १८ दात असताना २८ इंची सायकल पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे साडेपाच मीटर जाते. मागे २२ दात घेतल्यास सुमारे साडेचार मीटर. वेग काहीसा घटतो, परंतु पायांवर येणारा जोर सुमारे १८ टक्क्यांनी कमी होतो. यासाठी साखळी मात्र थोडी लांब लागते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून खर्चाचा क्रम असा ठरतो : प्रथम ब्रेक, नंतर छर्रे व साखळी, त्यानंतर आऱ्या व रिम आणि अखेरीस गिअर. चकचकीत रंगाच्या व गिअरच्या नव्या सायकलीपेक्षा नीट थांबणारी जुनी सायकल केव्हाही श्रेयस्कर होय. या ज्ञानाचे खरे अधिकारी रस्त्याकडेला बसून चाकाचा आउट काढणारे कारागीर आहेत. प्रतिवर्षी मे-जूनमध्ये त्यांना मानधन देऊन महाविद्यालयात पाचारण करावे व विद्यार्थ्यांच्या सायकलींची तपासणी त्यांच्या मार्गदर्शनाखाली व्हावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या आणि पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना हा उपक्रम सहज हाती घेता येईल. घर्षण, तरफ व गंज हे विषय फळ्यावर शिकवणाऱ्यांनी सायकल-तळापर्यंत उतरावे, एवढीच अपेक्षा आहे.