भुजला गेलात तर हे बघाच!

कच्छला जाणारे बहुतेक जण पांढऱ्या रणाकडे धाव घेतात आणि भुज मागे राहतं. पण या शहराला दोन दिवस द्याच.

🏰 आयना महाल: १८व्या शतकात राव लखपतजींनी बांधून घेतला. कारागीर रामसिंह मालम युरोपात काच, मीनाकारी आणि घड्याळं बनवायला शिकून आला होता. आरशांनी मढवलेल्या भिंती, शेजारी कारंज्यांचं दालन.

🕰️ प्राग महाल: काम १८६५ साली सुरू झालं. वास्तुकार कर्नल विल्किन्स, ज्यांनी मुंबईचं जुनं सचिवालयही उभारलं. मनोरा जरूर पाहा. २००१च्या भूकंपात दोन्ही महालांचं मोठं नुकसान झालं होतं.

🧵 अजरखपूर: भूकंपानंतर धमडका गावच्या खत्री कारागिरांनी वसवलेलं गाव. इथल्या अजरख ठसाछपाईसाठी कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. मग चुना-डिंकाचा ठसा. तिथे रंग धरत नाही. काळा रंग गंजलेलं लोखंड आणि गूळ आंबवून, निळा निळीचा. धुणं, वाळवणं, पुन्हा ठसा, असं बरेच दिवस चालतं. अस्सल कापड ओळखायचं तर ठशांच्या कडा बघा: हाताने जुळवलेल्या ठशांत किंचित फरक दिसतो. तोच त्याचा दागिना!

🐑 भुजोडी: वणकरांच्या हातमागावरच्या शाली.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम काळ. खरेदी शक्यतो थेट कारागिरांकडून करा आणि घासाघीस आवरा. त्या किमतीत कित्येक दिवसांची मेहनत असते.