आजाराचा रोजमेळ

कोथरूडच्या पौड रस्त्यावरील दुकानदारास तीन वर्षांपूर्वीची उधारी वहीत क्षणात सापडते; वडिलांना पेनिसिलिन सोसत नाही, ही नोंद मात्र घरात कोठेच नसते. नेहमीच्या डॉक्टरांना ती तोंडपाठ असते, पण मध्यरात्री मोठ्या रुग्णालयात ते सोबत नसतात. तेथील केसपेपरवर प्रथम मुख्य तक्रार व तिचा कालावधी लिहितात. मग जुने आजार, शस्त्रक्रिया, चालू औषधे. 'बरेच दिवस झाले' या उत्तराचा तेथे उपयोग नाही, तारीख हवी. उपवास व चौविहारही आवर्जून सांगावेत. मधुमेहाची काही औषधे उपाशीपोटी घेतल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. पर्युषणात तर हा प्रश्न घरोघरचा.

हे कागद रुग्णालयाचे गुपित नव्हे. त्यांच्या प्रती रुग्णास दिल्याच पाहिजेत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली दिला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी मागणीनंतर ७२ तासांची मुदत घातली. मात्र दाखल रुग्णांची नोंद जपण्याचे त्या नियमांतील बंधन उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षांचेच आहे. तेव्हा केवळ डिस्चार्ज कार्डावर समाधान न मानता संपूर्ण प्रत त्याच वेळी मागावी. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.