घाट चालू लागतो तेव्हा

परभणी–परळी रेल्वेमार्ग एकेरी. गंगाखेडला क्रॉसिंगसाठी गाडी थांबली, की शेजारच्या रुळांवरची दुसरी गाडी खिडकी भरून टाकते. तिचे डबे हलू लागताच कुणीतरी हमखास म्हणतं, “चला, सुटली एकदाची!” शेवटचा डबा गेला की पलीकडचा फलाट तिथल्या तिथेच. सुटलेली असते ती दुसरी.

खरी सुटणारी गाडी झटका देते. तो टिपतो कान. आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांना डोक्याचं वळणं कळतं. जवळच्या दोन पिशव्यांतल्या बारीक चुनखडी कणांना सरळ रेषेतला वेग वाढला-घटलेला कळतो. वेग एकसारखा असला, की कान गप्प. मग मेंदू डोळ्यांवर विसंबतो. समोरचं बहुतेक सगळं एकदम सरकलं, तर हललो ते आपणच, असं तो धरून चालतो. एरवी ते बरोबरच असतं. झाडं-घरं आपणहून पळत नाहीत.

गावात हेच गंगेवर अनुभवता येतं. गोदावरीला इथे गंगाच म्हणतात. पाणी गढूळ, भरून वाहत असताना घाटाच्या वरच्या पायरीवर बसावं. वाहत्या फांदीमागे नजर नेली, तर नुसतं पाणी वाहताना दिसतं. काठाशी रोवलेल्या बांबूवर नजर रोखायची आणि मागचं पाणी डोळ्यांच्या कडांपर्यंत भरू द्यायचं. आधी काहीच होत नाही. काही सेकंदांनी प्रवाह मंदावल्यासारखा वाटतो. मग बांबू, पायरी आणि आपण प्रवाहाच्या उलट निघतो. अंग नकळत तोल सावरू लागतं. समोरच्या काठाकडे पाहिलं, की खेळ खलास.

अर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८८६च्या पुस्तकात पुलावरून पाणी पाहताना होणारा हाच भास नोंदवला आहे. त्याच्या कितीतरी आधी, इ. स. ४९९च्या सुमारास, आर्यभटाने उलट बाजू मांडली: नावेतल्या माणसाला काठ मागे जाताना दिसतो, तसे फिरत्या पृथ्वीवरून तारे पश्चिमेला जाताना दिसतात. त्याला ‘आश्मक’ म्हणत. अश्मक देश गोदावरीकाठचाच मानतात.

पृथ्वीच्या फिरण्यामुळे गंगाखेड ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेला चाललेलंच असतं. वेग एकसारखा, म्हणून कान गप्प. घाट, नदी, स्टेशन सगळंच सोबत, म्हणून डोळेही. तिथे मात्र “सुटली” असं कुणी म्हणत नाही.